मागच्या दोन चाकांना दोन लिव्हर: कटिंग ब्रेकच्या संचाचे परीक्षण

ऑफ-रोड गाडीच्या मागच्या दोन चाकांपैकी हवे ते एकच चाक हाताने रोखता यावे यासाठी हायड्रॉलिक लिव्हरचे संच मिळतात. त्यांना कटिंग ब्रेक, टर्निंग ब्रेक किंवा फिडल ब्रेक अशा नावांनी ओळखतात. मी वापरलेला संच इन-लाइन प्रकारचा, म्हणजे मास्टर सिलिंडर आणि चाक यांच्या मधल्या पाइपात बसणारा, शेजारी-शेजारी दोन लिव्हर असलेला आहे. तो ज्या गाडीवर चढवला तिची चासी लॅडर फ्रेमची आहे, पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत, फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, मागे डिस्क ब्रेक आहेत, दोन्ही डिफरन्शियल ओपन आहेत आणि एबीएस नाही. यातील एक जरी बाब वेगळी असेल, तरी पुढच्या मजकुरातला काही भाग त्या गाडीला तसाच लागू पडणार नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: लिव्हर म्हणून ही वस्तू चांगली आहे, पण तिचा उपयोग होणार की उपद्रव, हे पाइपांच्या कामावर ठरते, आणि लॉकरऐवजी (म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेऐवजी) स्वस्तातला पर्याय म्हणून ती घेणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता अधिक आहे.

डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे चिखलात जागच्या जागी गरगरणारे चाक जेवढा टॉर्क पेलू शकते, तेवढाच टॉर्क कोरड्या खडकावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येतो. समजा गाडी पुढे सरकायला पकड असलेल्या चाकावर १००० न्यूटन-मीटर टॉर्क हवा आहे आणि चिखलातले चाक फक्त १०० न्यूटन-मीटरचा विरोध करते आहे. त्या चाकाच्या डिस्कवर ब्रेकने आणखी ९०० न्यूटन-मीटरचा विरोध निर्माण केला, की दुसऱ्या चाकाला त्याचे १००० मिळतात आणि गाडी हलते. मात्र त्यासाठी ॲक्सलवर एकूण २००० न्यूटन-मीटर उतरवावे लागतात, ही बाब जाहिरातीत नसते. रोखलेले चाक ब्रेक घासत फिरत राहिले तर त्याच्या वाट्याची शक्ती उष्णता होऊन जाते. सेकंदाला दोन फेरे घेणाऱ्या चाकावर ९०० न्यूटन-मीटरचा ब्रेक धरला तर डिस्कवर ११ किलोवॅटहून अधिक उष्णता तयार होते. चाक पूर्ण थांबवले तर ही नासाडी होत नाही, पण मग दुसरे चाक डिफरन्शियलच्या पिंजऱ्याच्या दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे गाडी जणू दुप्पट उंच गिअरमध्ये जाते आणि इंजिनाचा जीव घुसमटतो. म्हणून हा लिव्हर ओढण्यापूर्वी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणारी पेटी) लो रेंजमध्ये हवी. हाय रेंजमध्ये तो ओढून ‘काही फरक पडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच असते.

कल्पना जुनी आहे. शेतीच्या ट्रॅक्टरला मागच्या डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. तासाच्या टोकाला आतल्या बाजूचे पेडल दाबले की ट्रॅक्टर जवळजवळ जागेवर वळतो, आणि रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल एका पट्टीने जोडून टाकायची असतात. ब्रिटनमधल्या ट्रायल्स स्पर्धांच्या गाड्यांमध्ये फिडल ब्रेक अनेक दशके वापरात आहेत. वाळूच्या टेकड्यांवर पळणाऱ्या बग्यांमध्येही ते सर्रास दिसतात, कारण इंजिन मागे आणि नाक हलके असल्यामुळे त्यांची पुढची चाके वाळूत वळण्याऐवजी नुसती नांगरत पुढे जातात. त्यांतल्या कित्येक बग्यांना पुढे ब्रेकच नसतात. मॅक्लारेनने १९९७च्या मोसमात आपल्या फॉर्म्युला वन गाडीत मागचे एकच चाक रोखणारे जादा ब्रेक पेडल बसवले होते आणि १९९८मध्ये ब्राझीलच्या शर्यतीच्या वेळी त्यावर बंदी आली, हे वाचले की ट्रॅक्टरवाल्यांना मनातून थोडे समाधान वाटत असावे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्यात दोन छोटे मास्टर सिलिंडर शेजारी कोरलेले आहेत आणि प्रत्येकावर साधारण वीतभर लांबीचा लिव्हर आहे. लिव्हर मोकळा असताना पेडलकडून आलेले ब्रेक ऑइल या सिलिंडरमधून सरळ पार होऊन चाकाकडे जाते, म्हणजे पायाचा ब्रेक नेहमीसारखा लागतो. लिव्हर ओढला की पिस्टन पुढे सरकतो, पेडलकडचे छिद्र आधी बंद करतो आणि मग आपल्या पुढे अडकलेले ऑइल त्या एका चाकाच्या कॅलिपरकडे ढकलतो. दोन्ही लिव्हर एकत्र ओढले तर दोन्ही मागची चाके धरली जातात. चढावर क्लच सोडताना हे सोयीचे आहे; पण हायड्रॉलिक दाब तासन्‌तास टिकून राहील असे धरता येत नाही, तेव्हा याला हँडब्रेक समजून गाडी उभी करून जाऊ नये. मूळचा हँडब्रेक काढून त्याच्या जागी हा संच बसवणारे लोक आहेत. त्यांची गाडी माझ्या गाडीच्या वरच्या बाजूला उतारावर उभी असू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

बसवण्याचे काम हा या संचाचा खरा कस आहे, आणि खोक्यातल्या पत्रकात त्याला अर्धे पानही दिलेले नाही. अखंड ॲक्सलच्या बहुतेक गाड्यांमध्ये चासीवरून मागे एकच पाइप येतो, तिथून एकच लवचीक होज ॲक्सलवर उतरते आणि ॲक्सलवरच्या टी-जोडापासून डावी-उजवी अशी वाटणी होते. तो टी-जोड मागे राहू दिला तर कुठलाही लिव्हर ओढा, दोन्ही चाके एकदमच रोखली जाणार. म्हणजे वाटणी लिव्हरच्या आधी व्हायला हवी, आणि लिव्हरपासून प्रत्येक चाकापर्यंत स्वतंत्र पाइप व स्वतंत्र होज न्यायला हवी. संचासोबत पाइप किंवा होज काही येत नाही; मी ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिलिमीटरचा, तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घेतला, कारण तो हाताने सहज वाकतो आणि गंजत नाही. साधा तांब्याचा पाइप या कामाला घेऊ नये. कंपनांनी तो कडक होऊन तडकतो. नळकामातले कॉम्प्रेशन जोडही घेऊ नयेत, कारण ब्रेकच्या पाइपातला दाब ते भरवशाने पेलत नाहीत.

पाइपाच्या टोकाला फ्लेअर दोन प्रकारचे असतात: एकात पत्रा आत दुमडून ४५ अंशांचा नरसाळ्यासारखा दुहेरी कडा काढतात, दुसऱ्यात टोक बुडबुड्यासारखे फुगवतात. संचाच्या सोबतच्या जोडण्या पहिल्या प्रकारच्या, तर माझ्या गाडीचे मूळ पाइप दुसऱ्या प्रकारचे निघाले. त्याहून मोठा धोका आट्यांचा आहे. संचाच्या जोडण्यांवर ३/८ इंची, इंचाला २४ आटे असलेला नट बसतो, आणि गाडीवर १० मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर पिचचा. पहिल्याचा व्यास सुमारे ९.५ मिलिमीटर आणि पिच सुमारे १.०६ मिलिमीटर, त्यामुळे बारका नट मोठ्या छिद्रात बोटांनी सहज फिरतो, पान्ह्याने घट्टही वाटतो, आणि पेडलवर पूर्ण जोर आला की निसटू शकतो. दोन नट तळहातावर शेजारी ठेवून नुसत्या नजरेने पाहिले तर फरक कळत नाही. आट्यांचा गेज लावूनच ओळखावे. ठोकळ्यावरची मूळ छिद्रे १/८ इंची निमुळत्या आट्यांची आहेत आणि त्यांत ॲडॅप्टर बसवावे लागतात. तिथे प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नये, कारण तिचे तुकडे सुटून ऑइलबरोबर सिलिंडरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. ब्रेक ऑइल सहन करणारे द्रव सीलंट वापरावे आणि पहिले दोन आटे कोरडे ठेवावेत.

संच नेमका कुठे जोडायचा, यावरही बरेच अवलंबून आहे. मागच्या चाकांचा दाब ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह गाडीत असेल, तर संच त्याच्यानंतर, चाकांच्या बाजूला बसवावा. आधी बसवला तर हाताने निर्माण केलेला दाबही तो व्हॉल्व्ह कापून टाकतो. ज्या गाड्यांचे ब्रेक सर्किट तिरके विभागलेले असते, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे एका सर्किटवर, त्यांच्याबाबत तर विशेष सावधगिरी हवी. अशा गाडीत मागच्या चाकांचे पाइप मुळातच वेगळे असतात, त्यामुळे काम सोपे वाटते. पण संचाला पेडलकडून येणारे तोंड एकच असेल, तर ते दोन स्वतंत्र सर्किट तिथे एकमेकांना मिळतात, आणि मग एका ठिकाणी गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. माझ्या संचाला एकच तोंड आहे. माझी गाडी पुढे-मागे विभागलेल्या सर्किटची असल्यामुळे ते चालले. तिरक्या सर्किटच्या गाडीला दोन स्वतंत्र तोंडांचाच संच हवा. पत्रकात याचा उल्लेख नाही, आणि ही उणीव मला अक्षम्य वाटते.

एअर काढण्याचे काम कंटाळवाणे आहे. ठोकळ्याची बाहेर जाणारी छिद्रे टोकाला आहेत आणि एअर काढण्याचा निपल दिलेला नाही, त्यामुळे ठोकळा आडवा बसवला की वरच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकून राहतो आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून ठोकळा पुढून उचलून धरला, लिव्हर हलक्या हाताने थोडा थोडा आत-बाहेर केला आणि मग नेहमीप्रमाणे चाकाच्या निपलमधून एअर काढली, तेव्हाच तो कडक झाला. ऑइल मूळ गाडीला जे सांगितले असेल तेच ठेवावे. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलवर आधारित ऑइले आहेत, तर डॉट ५ सिलिकोनचे असते; त्याची या तिघांत भेसळ करू नये. मी डॉट ४ वापरतो. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस आणि पाणी शोषल्यानंतरचा किमान १५५ अंश असावा लागतो. हा दुसरा आकडा इथे महत्त्वाचा आहे, कारण एकाच चाकाचा कॅलिपर तापवत राहणे हाच या लिव्हरचा उद्योग आहे.

शेवटची तपासणी जॅकवर गाडी उचलून करावी. पेडल दाबून सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत, आणि लिव्हरला पिस्टन हलण्यापूर्वी थोडी मोकळी हालचाल हवी. ढकलदांडी जास्त घट्ट बसवली, तर लिव्हर सोडलेला असतानाही पिस्टन छिद्रापलीकडे परत येत नाही. मग एकतर त्या चाकाला पायाचा ब्रेक पोचत नाही, किंवा तापून फुगलेले ऑइल अडकून ब्रेक धरूनच राहतो. माझ्या संचातली एक दांडी कारखान्यातूनच अशी घट्ट आली होती. जॅकवर ते लक्षात आले; थेट गाडी चालवायला काढली असती तर डिस्कचा रंग निळा झाल्यावर कळले असते.

लिव्हरचा जोर किती पुरतो, हे सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या व्यासावर, ठरते, आणि विकत घेताना विचारण्याजोगा हा पहिला प्रश्न आहे. लिव्हरचे गुणोत्तर ६ आणि हाताचा ओढा २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोचा, धरला तर पिस्टनवर १२०० न्यूटन येतात. बोअर ३/४ इंची असेल तर दाब सुमारे ४२ बार होतो, ५/८ इंची असेल तर सुमारे ६० बार. लहान बोअरमुळे जोर वाढतो, पण पिस्टनच्या २५ मिलिमीटर हालचालीत ७ घन सेंटिमीटरऐवजी ५ घन सेंटिमीटरच ऑइल ढकलले जाते, त्यामुळे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर किंवा झिजलेल्या शूंचे ड्रम असतील तर लिव्हर शेवटापर्यंत येऊनही चाक धरत नाही. मी ३/४ इंची घेतला. डिस्कला तो पुरतो, मात्र चाक पूर्ण थांबवायला चांगलाच ओढावा लागतो; मनगट नाजूक असणाऱ्याने लहान बोअर घ्यावा. ड्रमवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चिखलपाणी आत शिरलेला ड्रम मऊ आणि बेभरवशाचा लागतो.

वापराचा अनुभव जमिनीनुसार अगदी वेगवेगळा आहे. मोकळ्या वाळूत, टू-व्हील ड्राइव्हमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या बाजूचा लिव्हर ओढला की गाडीचे नाक आत ओढले जाते. स्टिअरिंगने जे वळण दोनदा मागे-पुढे करून घ्यावे लागले असते, ते एका दमात घेता येते. बग्यांइतका चमत्कार मात्र माझ्या गाडीत होत नाही, कारण इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर आहे आणि ती चाके आडवी घासावी लागतात. हे घासणे टळत नाही: गाडी मागच्या आतल्या चाकाभोवती गोल फिरायची असेल, तर पुढच्या आतल्या चाकाचे तोंड थेट ९० अंशांत वळायला हवे, आणि स्टिअरिंगला तेवढा कोन कधीच नसतो. म्हणून घट्ट, कोरड्या जमिनीवर हा खेळ करू नये. तिथे टायर, चेंडूसांधे आणि स्टिअरिंगचे दुवे यांच्यावर फुकटचा ताण येतो.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये हिशेब आणखी अवघड होतो. पार्ट-टाइम ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. २.४ मीटर व्हीलबेस आणि १.५ मीटर ट्रॅक असलेली गाडी मागच्या आतल्या चाकाभोवती फिरते अशी कल्पना केली, तर मागच्या दोन चाकांचा सरासरी मार्ग ०.७५ मीटर त्रिज्येचा पडतो आणि पुढच्या दोन्हींचा २.६ मीटरच्या आसपास. पुढच्या चाकांना सुमारे साडेतीनपट अंतर कापायचे आहे, पण शाफ्ट ते कापू देत नाहीत. तेव्हा कुठले ना कुठले चाक घसरणारच. सैल खडीवर किंवा चिखलात ते घसरते आणि पुढची चाके नाक ओढून नेतात, त्यामुळे अरुंद वळणावर हा मेळ चांगला जमतो. दगडी उतारावर तो जमत नाही. तिथे गाडी आखडते आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. अरुंद जागेत गाडी उलटी फिरवताना एक युक्ती उपयोगी पडते: पुढे जाताना डावा लिव्हर ओढला असेल, तर मागे येताना उजवा ओढावा, म्हणजे गाडी दोन्ही वेळा त्याच दिशेने फिरत राहते.

एक मागचे चाक हवेत लटकले, म्हणजे तिरक्या खड्ड्यात गाडी अडकली, की या संचाचा दुसरा गुण दिसतो. लटकलेल्या चाकाचा लिव्हर ओढावा, थ्रॉटल हळूहळू द्यावा, आणि जमिनीवरचे चाक धरू लागले की गाडी सरकते. इथे चाक हवेतच असल्याने ते पूर्ण थांबवले तरी काही बिघडत नाही. पायाच्या ब्रेकने हेच करायला गेलो तर चारही चाके धरली जातात आणि इंजिनाला सगळ्यांशी झुंजावे लागते, तरी तीही पद्धत अगदी टाकाऊ नाही. हम्वी या लष्करी गाडीच्या टॉर्सन डिफरन्शियलसाठी चालकांना ब्रेक आणि थ्रॉटल एकत्र देण्याचे तंत्र शिकवलेच जाते. पण माझ्या गाडीत पुढचे एक चाकही त्याच वेळी घसरत असेल, तर हा संच निरुपयोगी ठरतो, कारण त्याची हुकमत मागच्या दोन चाकांपुरतीच आहे. आडव्या उतारावर तर तो जपूनच वापरावा: रोखलेला टायर बाजूची पकड गमावतो, आणि गाडीचे शेपूट खाली सरकू लागले की हातातला लिव्हर सोडणे हाच उपाय उरतो. चालण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने हा लिव्हर ओढू नये, हे वेगळे सांगायला नको.

पर्यायांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. लॉकरमुळे दोन्ही चाके एकत्र बांधली जातात, टॉर्क उष्णतेत वाया जात नाही, आणि चढण चढण्यासाठी तोच श्रेष्ठ आहे. मात्र लॉकर लागलेला असताना कटिंग ब्रेकचा काडीचाही उपयोग नाही, कारण एक चाक रोखले की दुसरेही थांबते. त्यामुळे दोन्ही एकाच ॲक्सलवर हवे असतील तर लॉकर हवा तेव्हा लावता-काढता येणारा असावा. कायमचा जखडलेला स्पूल असेल तर हा संच घेऊच नये. विजेच्या सोलेनॉइडने पाइप बंद करणारे लाइन लॉक हा दुसरा मार्ग काही जण निवडतात: नको असलेल्या चाकांचे पाइप बंद करायचे आणि पेडल दाबायचे. त्यात पायाचा पूर्ण जोर आणि व्हॅक्यूम बूस्टरची मदत मिळते, पुढची चाकेही एकेकटी धरता येतात, आणि हात स्टिअरिंगवर राहतो. पण एखादा व्हॉल्व्ह अडकून बंदच राहिला, तर रस्त्यावर त्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि पेडलला ते जाणवेलच असे नाही. लिव्हरमध्ये निदान कोणता पिस्टन कुठे आहे हे डोळ्यांना दिसते. हँडब्रेकच्या दोन केबल वेगळ्या करून दोन लिव्हरना जोडण्याची जुनी पद्धत हायड्रॉलिक सर्किटला हातच लावत नाही, म्हणून ती मला सर्वांत निर्धोक वाटते. तिचा जोर मात्र कमी पडतो. शिवाय जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या गाडीत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, तिथे एकेक चाक धरण्याची सोय त्यातून निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या नव्या गाड्यांच्या मालकांनी हा संच बसवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्यांच्या गाडीत एबीएसचा पंप घसरणारे चाक क्षणाक्षणाला धरून-सोडून हेच काम, चारही चाकांवर आणि माणसाच्या हातापेक्षा कितीतरी बारकाईने, करत असतो. टोयोटाच्या लँड क्रूझरमधले टर्न असिस्ट आणि फोर्डच्या ब्रॉन्कोमधले ट्रेल टर्न असिस्ट वळणावर मागचे आतले चाक रोखते, म्हणजे माझ्या डाव्या-उजव्या लिव्हरचेच ते सुधारलेले रूप आहे. अशा गाडीच्या पाइपात मध्येच लिव्हर घातला, तर हाताने थांबवलेले चाक संगणकाला बिघाड वाटते, इशाऱ्याचे दिवे लागतात आणि स्थिरता राखणारी यंत्रणा थ्रॉटल कापू शकते. निर्मात्यानेही एबीएसच्या गाडीसाठी हा संच नाही असे लिहिले आहे, आणि त्या पत्रकातले हे एक वाक्य मला पूर्ण मान्य आहे.

डिफरन्शियलची काळजी हा यातला दुर्लक्षित भाग आहे. एक चाक रोखून दुसरे दुप्पट वेगाने फिरवले, की आतले स्पायडर गिअर आणि त्यांची आडवी पिन यांना एरवी वळणावर जेवढे काम पडते त्याच्या कितीतरी पट काम पडते. ही पिन अशा सततच्या वेगासाठी बनवलेली नसते. लिव्हर क्षणभर ओढून सोडण्याला हरकत नाही. तो धरून ठेवून इंजिन रेसवर ठेवण्याला आहे. मी डिफरन्शियलचे ऑइल पूर्वीपेक्षा लवकर बदलतो आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय जमले आहे ते पाहतो. आतापर्यंत तिथे बारीक राखाडी लेपच दिसला आहे, कपच्या नाहीत.

संचाच्या घडणीबद्दल तक्रारी थोड्याच आहेत, पण आहेत. दिलेला ब्रॅकेट पातळ पत्र्याचा असून जोरात ओढल्यावर नजरेला दिसेल एवढा वाकतो, त्यामुळे लिव्हरची काही हालचाल त्यातच खर्च होते. खालून जाड पट्टी लावून मी तो ताठ केला. लिव्हरच्या खुंटीभोवतीचा रबरी बूट उघडा राहतो आणि त्यात धूळ जाऊन चिखलाची खळ तयार होते, तिने खुंटीचे बुश झिजते. पाण्याचा फवारा तिथे थेट मारू नये आणि अधूनमधून बूट उचलून पुसून घ्यावा. दोन लिव्हरमधले अंतर हातमोजे घातलेल्या हाताला अपुरे पडते, एक ओढताना दुसराही बोटात येतो. मुठी थोड्या बाहेर वाकवून घेतल्यावर ही अडचण गेली. रस्त्यावर गाडी नेणाऱ्यांनी ब्रेकच्या पाइपांत असा बदल आपल्याकडच्या नियमांत बसतो का, हे पाइप कापण्यापूर्वीच पाहावे. जिथे तो बसत नाही तिथे हा संच ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठीच आहे.

सिलिंडरची सील रबराची असून झिजणारी आहेत, आणि ती खोक्यात जादा दिलेली नाहीत. निर्माता ती बोअरच्या मापावरून वेगळी विकतो. हे माप ठोकळ्याच्या तळाशी कोरलेले आहे आणि संच एकदा बसवला की ते दिसत नाही, म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वीच ते गाडीच्या वहीत टिपून ठेवावे.